आखाजीला मांडे करू की नको?

प्रश्न : वय 52. दोन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, नंतर लाइट (रेडिएशन) दिली. दिवाळीपासून उजवा हात सुजतोय. पाटली सोनाराकडून कापून काढावी लागली. मेडिकलमधून लघवीची गोळी आणली, नणंद रोज तेल लावून रगडते, फरक नाही. कापूस वेचायला जाते. कॅन्सर उलटला असेल का? आखाजीला खापरावर मांडे करू का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : ताई, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना हात दाखवा. शिरेत गुठळी नाही, आजार उलटलेला नाही, हे त्यांनीच तपासून सांगायचं. तसं काही नसेल, तर ही बहुधा लिम्फेडिमाची सूज. काखेतल्या गाठी म्हणजे हातातली लसिका, म्हणजे पेशींभोवतीचं प्रथिनं असलेलं पाणी, वाहून नेणारी चारी. ती मोडली, की पाणी मागे तुंबतं.

लघवीची गोळी या सुजेवर चालत नाही. ती पाणी काढते, पण साचलेली प्रथिनं तिथंच राहतात आणि पुन्हा पाणी ओढतात. बीपीसाठी वगैरे डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल, तर मात्र मनानं सोडू नका.

रगडणं आजपासून बंद. वरवरच्या लसिकानळ्या कातडीच्या लगेच खाली असतात. हाताखाली कातडी नुसती सरकली पाहिजे. केळीचा घड उचलताना जपतो ना, साल काळी पडू नये म्हणून, तेवढाच दाब. आणि सुरुवात सुजलेल्या हातापासून नाही. आधी मान, मग डावी काख, शेवटी उजवा हात. पुढची चारी मोकळी नसताना मागून पाणी सोडून काय उपयोग? हे लिम्फेडिमा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, सोबत नणंदेलाही न्या.

खरा भार पट्टीवर असतो. इथं मी स्वतः चुकले आहे. शिकत असताना मावशीच्या हाताला साधं क्रेप बँडेज कोपरापर्यंत घट्ट गुंडाळलं. सकाळी तिची बोटं भरताच्या वांग्यासारखी फुगलेली. क्रेप ताणलं जातं. इथं कमी ताणाची पट्टी लागते, आत कापसाचा थर, बोटांपासून काखेपर्यंत, वर जाताना दाब कमी. ती बांधून हात हलवला, की स्नायू पंपासारखे चालतात. सूज उतरायला साधारण 2 ते 4 आठवडे. पुढे दिवसा मापाची दाबबाही, म्हणजे हात दाबून धरणारी घट्ट बाही, तीही सहा महिन्यांनी बदलायची. आजार मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो.

शिंप्याची टेप घ्या. मनगटापासून दर 10 सेंटिमीटरवर पेनानं खूण करून दोन्ही हात मोजा, आकडे कॅलेंडरवर लिहा.

वेचणी सोडू नका, बाही घालून थोडी थोडी करा. फक्त सुकलेल्या बोंडाची टोकं ओरबाडतात, म्हणून हातमोजे हवेत. ओरखडा उठला तर लगेच साबणानं धुवा. हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. सकाळची वाट बघायची नाही, आणि तेव्हा पट्टीही बांधायची नाही.

राहिले मांडे. आखाजीचं ऊन, वर खापराची धग. त्यानं सूज वाढते, भाजलं तर जखम वेगळी. मांडा हातावर वाढवणं आणि खापरावर टाकणं एकाच माणसाचं काम, ते वाटूनही घेता येत नाही. तुम्ही पुरण बघा, खापरापुढे नणंदेला बसवा. रगडणं बंद झाल्यानं त्यांचे हात आता मोकळेच आहेत.