दीड वर्षाचं मूल, वजन १० किलो, ताप १०१. घरात पॅरासिटामॉलच्या दोन वेगळ्या बाटल्या आहेत. किती द्यायचं?

मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे तुमच्या बाळाला १५० मिग्रॅ. आता बाटलीवरचा आकडा वाचा. ५ मिलीत २५० मिग्रॅ असेल तर ३ मिली, १२० असेल तर सव्वासहा मिली. आणि लहान बाटलीतले ड्रॉप्स (१ मिलीत १०० मिग्रॅ) असतील तर फक्त दीड मिली. सगळा घोळ इथेच होतो. ड्रॉप्स सिरप समजून ३ मिली दिले की मात्रा दुप्पट. घरातला चमचा नको, सोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या.

दोन डोसांत किमान ४ तास, शक्यतो ६. चोवीस तासांत चारच वेळा. वेळ कॅलेंडरवर लिहा, नाहीतर आई देते आणि आजीही देते. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं, लेबल बघा.

कोकणात पावसाळ्यात डेंगी आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) दोन्ही असतात, म्हणून आयबुप्रोफेन किंवा त्याचं मिश्रण स्वतःहून देऊ नका. डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढतो. अॅस्पिरिन मुलांना नाहीच. निमेसुलाइड या तापाच्या औषधाला १२ वर्षांखाली भारतात २०११ पासून बंदी आहे.

मूल खेळत-पीत असेल तर १०१ उतरवायची घाई नाही. पण सुस्ती, पोटदुखी, सतत उलट्या, सहा तास लघवी नाही किंवा फिट आली, तर पाऊस थांबायची वाट न बघता तालुक्याचं रुग्णालय गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर आधी डॉक्टर, औषध नंतर.