जळगावला राहून मुंबईतून चांगल्या कॉफीच्या बिया आणायच्या तर कुठून आणाव्यात?

तुम्ही विचारलंय की कामानिमित्त महिन्याकाठी मुंबईला एक चक्कर होते, जळगावात मनाजोगती कॉफी मिळत नाही, तेव्हा तिथल्या 'स्पेशालिटी' म्हणवणाऱ्या दुकानांपैकी कोणाकडून बिया आणाव्यात. आणि पाव किलोला पाचशे-सहाशे रुपये घालवण्यासारखं त्यात खरंच काही असतं का.

नावं खाली देते. पण भाऊ, आधी पाकीट उलटं करून बघायची सवय लावा. कॉफी भाजल्याची तारीख छापलेली असेल तरच ते पिशवीत टाका. ही अक्कल मला किलोभर कॉफी वाया घालवून आलेली आहे.

नऊ वर्षं मुंबईत नोकरी करून मी जळगावला परत आले. त्यानंतर पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हा एका नावाजलेल्या दुकानातून (नाव राहू द्या) एक किलो कॉफी दळूनच आणली. वारंवार कोण जाणार, हा हिशेब. पहिला आठवडा घरभर दरवळ. तिसऱ्या आठवड्यात कपात नुसता कडवट रंग उरला, आणि वास म्हणाल तर ओल्या पुठ्ठ्याचा. मला वाटलं, आपलं पाणी, आपला डबा, आपलंच काहीतरी चुकलं. मग पाकीट नीट वाचलं. 'बेस्ट बिफोर' पुढच्या वर्षीची, आणि भाजली कधी याचा पत्ताच नाही. दुकानात फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, कॉफी कुठे खराब होते?"

खराब होत नाही, खरंय. फुटाणेही खराब होत नाहीत. पण भडभुंज्याच्या चाळणीतले गरम फुटाणे आणि दोन महिने पुडीत पडलेले फुटाणे यांतला फरक ज्याला कळतो, त्याला कॉफीचं वेगळं काही शिकवावं लागत नाही. भाजताना बियांच्या आत कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो आणि तो पुढे कितीतरी दिवस हळूहळू निघत राहतो. पाकिटाला बटणासारखं भोक दिसतं ना, ती झडप त्याच्यासाठीच असते. आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. म्हणून आज भाजलेली बी आजच वापरायचीही घाई नको. आठवडाभर थांबलं की चव बसते आणि तिथून पुढे महिनाभर छान राहते. दळली की मात्र सगळं दोन-चार दिवसांवर येतं. तेव्हा बियाच घ्या. अडीच-तीन हजारांत बरा हँड ग्राइंडर येतो. मिक्सरच्या नादी लागू नका, त्यात अर्ध्या बियांचं पीठ होतं आणि अर्ध्या तशाच उरतात.

आता किती भाजलेली घ्यायची. हे समजायला आपल्या लोकांइतकं लायक कोणी नाही, कारण आपण भरीतवाले. बामणोदचं किंवा आसोद्याचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजताना हात कधी आवरायचा हे आपल्याकडे पोराटोरांना कळतं. बेतानं भाजलं तर वांग्याचा गोडवा लागतो. कोळसा होईस्तोवर भाजलं तर नुसता धूर लागतो, मग वांगं बामणोदचं असो नाहीतर कुठलंही. कॉफीचं तंतोतंत हेच आहे. काळीकुट्ट, तेलकट चमकणारी बी म्हणजे जास्त भाजलेली. तिला सगळीकडे एकच चव. 'स्पेशालिटी' हा शब्द मुळात कच्च्या बीच्या दर्जाचा आहे. जाणकार चाखून शंभरपैकी गुण देतात, ऐंशी किंवा त्याहून जास्त मिळाले की ती स्पेशालिटी. एवढी चांगली बी आणून तिचा कोळसा केला तर ते पैसे खरंच वाया.

मात्र एकदम फिकट भाजलेलीपासूनही सुरुवात करू नका. मी हौसेनं तशी आणली होती. अमळनेरची आत्या आलेली. तिला कपात बिनदुधाची, बिनसाखरेची ओतून दिली. तिनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "माय वं, हाई ते आंबट शे!" चूक तिची नव्हती. फिकट भाजलेल्या कॉफीत आंबटपणा असतोच, चांगल्या कॉफीत तो फळासारखा लागतो, पण जन्मभर जायफळ घातलेली दुधाची कॉफी प्यायलेल्या जिभेला ते सांगायचं कसं? तुम्ही मध्यम भाजलेली, 'वॉश्ड' लिहिलेली घ्या, म्हणजे साल-गर धुऊन काढून मग वाळवलेली. 'नॅचरल' म्हणजे अख्खं फळ सालीसकट वाळवून मग बी काढलेली. तिला मनुकांचा, कधी आंबवल्याचा वास येतो. आवडली तर वेड लागतं, नाहीतर पाकीट पडून राहतं.

दुकानं. वांद्र्याला चॅपल रोडवर सबको आहे, २०२० मध्ये सुरू झालं. भायखळ्यालाही त्यांची मोठी जागा आहे. खारच्या चुईम गावठाणात केसी रोस्टर्स. २०१३ साली दिल्लीत सुरू झालेल्या ब्लू टोकाईची कॅफे तर मुंबईभर आहेत. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी प्यायची असेल तर कुलाब्याला अराकूचं कॅफे आहे. माझा स्वतःचा कल लहान जागांकडे, कारण काउंटरवरच्या पोराला "मागच्या आठवड्यात काय भाजलं?" असं विचारलं की तो सरळ उत्तर देतो. जिथे या प्रश्नावर समोरचा गोंधळतो तिथे मी एक कप पिऊन निघते, बिया घेत नाही.

माटुंग्याचं म्हैसूर कन्सर्न्स या यादीत बसत नाही, पण ते सोडून कॉफीचं बोलणंच मला पाप वाटतं. किंग्ज सर्कलच्या बाजूनं चालत गेलं की दुकान दिसायच्या आधी वास येतो. तिथे इस्टेटीचं, म्हणजे कॉफीच्या मळ्याचं, नाव कोणी विचारत नाही. पीबेरी की प्लांटेशन ए (ही बियांची प्रतवारी), चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळांची पूड) किती, एवढंच. पीबेरी म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ती. दुधाच्या फिल्टर कॉफीसाठी त्याहून जास्त खर्च करायची गरज नाही.

इस्टेटीच्या नावाचं काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. आपल्याकडे १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. कॉफीतही बरीच वर्षं असंच होतं. मळेवाल्यानं माल कॉफी बोर्डाला द्यायचा, बोर्ड तो सगळ्यांच्या मालात मिसळून विकणार. कोणी जीव ओतून पिकवली काय आणि कशीबशी पिकवली काय, ढीग एकच. नव्वदच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्यानं उठलं, १९९६ पर्यंत सगळा माल स्वतः विकायची मोकळीक मिळाली. आज पाकिटावर चिकमगळूर, कूर्ग किंवा येरकाडच्या एखाद्या मळ्याचं नाव, उंची, वाण असं सगळं वाचायला मिळतं ते त्यामुळे. कपाशीवाल्या घरातली असल्यामुळे असेल, पण मला ते नाव वाचायला आवडतं.

एकावेळी पाव किलोची दोन पाकिटं पुरे. रोज एक कप म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, महिन्याला जवळजवळ संपतात. एकदा रात्रीच्या गाडीनं येताना त्याच दिवशी आणलेली दोन पाकिटं उशाला ठेवून झोपले होते. इगतपुरीच्या आसपास समोरच्या बर्थवरच्या काकांनी मला उठवलं, "ताई, काहीतरी जळतंय का हो?" झडपेतून वास येत होता. मग मनमाडपर्यंत त्यांना कॉफी समजावत बसले.

पाणी हा आपल्याकडचा खरा त्रास. कप म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. बोअरच्या जड पाण्यात कॉफी मातकट, मुकी लागते. आरओचं अगदीच निर्जीव पाणी असेल तर उलट रिकामी आणि टोचरी. मी आरओच्या पाण्यात थोडं नळाचं मिसळते. प्रमाण तुमच्या भागातल्या पाण्यावर, चार दिवस करून बघावं लागेल. यंत्रबिंत काही नको, फ्रेंच प्रेस घ्या, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेलं उभं भांडं. पंधरा ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबून त्यातलं दोनशे चाळीस मिली ओतायचं, चार मिनिटांनी दट्ट्या खाली.

मुंबईला जाणं चुकलं तर कुरिअरनं मागवता येते, बहुतेक सगळे पाठवतात. कॉफी भाजून विकणारं नागपूरचं कॉरिडॉर सेव्हनही लक्षात ठेवा; भुसावळहून बघितलं तर मुंबई आणि नागपूर दोन्ही जवळपास सारखीच लांब. फक्त एप्रिल-मे सांभाळा. पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या गोडाऊनमध्ये दोन दिवस पडलेलं पाकीट घरी येईस्तोवर म्हातारं झालेलं असतं. मी मार्चअखेरीला जास्तीची पाकिटं आणते आणि न फोडता, वरून अजून एक पिशवी घट्ट बांधून, फ्रीजरमध्ये टाकते. काढल्यावर पूर्ण साध्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचं नाही, नाहीतर बियांवर दव धरतं. रोज उघडझाप करायचा डबा फ्रीजमध्ये नको. तो धान्याच्या कोठीशेजारी, खालच्या फळीवर.

आत्या अजून जायफळाचीच पिते. तिच्यासाठी माटुंग्याहून शंभर ग्रॅम वेगळी आणते, आणि ती मात्र दळूनच.