जुन्या चित्रांची गुंडाळी मे महिन्यात सोडू नका

प्रश्न : व्यवसायानं चित्रकार आहे, वय ५४. नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या घराच्या माळ्यावर एका ट्रंकेत माझी शाळेतली साठेक चित्रं सापडली. काही गुंडाळलेली, काहींवर सेलोटेप, एका गठ्ठ्याला कसर लागलेली. हिवाळ्यात नव्या कामासोबत ती मांडायची आहेत. सरळ कशी करू? वर्ष न लिहिलेल्या चित्रांचा क्रम कसा लावू? आणि हात कच्चा दिसतो तिथे थोडं सावरलं तर चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सावरू नका. आजच्या सरावलेल्या हाताची एक रेघ पडली की ते चित्र ना तेव्हाचं राहतं ना आताचं. सरांचा लाल शेरा, गुण, शाळेचा शिक्का यांनाही खोडरबर लावू नका.

आता गुंडाळ्या. नागपूरच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की जुना कागद पापडासारखा तुटतो, त्यात माळा म्हणजे भट्टीच. आत्ता ट्रंक फक्त खाली आणा, कूलरच्या झोतापासून लांब ठेवा आणि जुलैची वाट पाहा. पावसाळी हवेत कागद आपसूक नरमतो. तरीही अडला तर पेन्सिलीच्या चित्रांपुरता एक उपाय आहे. झाकणाच्या प्लास्टिक टबात तळाशी ओला करून पिळलेला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर चित्र. झाकण लावून दर तासाला पाहा. दोन ते चार तास पुरतात. मग दोन टिपकागदांमध्ये ठेवून वर प्लायवूड आणि चार-पाच किलो वजन. टिपकागद अर्ध्या तासानं बदला, पुन्हा दोन तासांनी, नंतर आठवडाभर रोज. कंटाळा केलात तर ओल आत राहते आणि बुरशीचे ठिपके येतात.

स्केचपेन आणि पोस्टर कलरची चित्रं मात्र टबात घालू नका. स्केचपेनची शाई फुटते. पोस्टर कलरचा डिंक नरमला की रंग टिपकागदाला चिकटून येतो. ती कोरडीच, रोज थोडी थोडी उलगडत वजनाखाली न्यायची. जाड थराला आधीच भेगा असतील तर अर्धवट वळलेलीच राहू द्या. ऑइल पेस्टलवर वजन नकोच.

सेलोटेपची पट्टी सुटून आली असेल तर काढून घ्या. तपकिरी डाग राहील. तो डिंक कागदाच्या आत मुरलेला असतो. थिनर किंवा पेट्रोल लावलं तर डाग पसरतो आणि शेजारची बॉलपेनची रेघही विरघळू शकते. लॅमिनेशनचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. ते परत निघत नाही.

कसर लागलेला गठ्ठा वेगळा काढा. पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर दव थेट कागदावर धरतं. पेस्टल किंवा जाड रंगाची चित्रं फ्रीझरमध्ये नकोत. ती मऊ, कोरड्या ब्रशनं झटका.

क्रम लावायला वस्तुचित्रं सर्वांत उपयोगी. तांब्याचं तोंड लंबवर्तुळ आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ असेल तर ते बहुधा सुरुवातीचं. तांब्या टेबलावर सपाट बसतो हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून तो ठाऊक असलेलं काढतो. वरून पाहताना बुडाची वक्ररेषा तोंडापेक्षाही जास्त फुगीर दिसते. हे जमलेलं चित्र सहसा नंतरचं, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीच्या आसपासचं. अंदाजानं लावलेलं वर्ष मागच्या कडेला टू-बी पेन्सिलीनं, प्रश्नचिन्हासकट लिहा.

निवड करताना दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि काठावर नारळ, असली चित्रं एकापेक्षा जास्त नकोत. महालातल्या मुलाला ते दृश्य पुस्तकानं दिलेलं असतं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल किंवा मारबतीची (पोळ्याच्या वेळी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची) गर्दी स्मरणचित्रात असेल, बैलाची चाकं वाकडी का असेनात, तर ती आधी घ्या. तिथे स्वतः पाहिलेलं उतरलेलं असतं.

प्रश्न : घरच्या ए-फोर स्कॅनरवर ही चित्रं दोन तुकड्यांत स्कॅन केली तर चालतील का?

उत्तर : जोड दिसतो. शाळेतला चित्रकलेचा पाव इम्पिरियल मापाचा कागद साधारण २८ × ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे ए-थ्री काचेवर सहज मावतो. फक्त स्कॅनर सपाट काचेचा हवा. रोलरमधून कागद ओढणारा नको. त्याच मापात छपाईसाठी ३०० डीपीआय, दुप्पट मोठं करायचं तर ६००. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा. पेन्सिलीचं चित्रही रंगीतच स्कॅन करा, कारण ग्रेस्केलमध्ये पिवळेपणा आणि फिकट छटा एकमेकांत मिसळतात. पेस्टल काचेवर उपडं ठेवायचं नाही. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे लावून फोटो काढा. त्या वेळी पंखा बंद.