आयता सीन आणि आयत्या वेळचा सीन

धुळ्याचा एक तरुण मित्र व्हिडिओ गेमबद्दल मराठीत बोलतो, रंगात आला की अहिराणीत घसरतो. त्याचा प्रश्न असा: 'प्री-रेंडर्ड कटसीन'ला 'पूर्वचित्रित दृश्य' आणि 'रिअल-टाइम कटसीन'ला 'थेट दृश्य' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. दोन्ही शब्द दिसायला नीटनेटके आहेत, पण ते आले आहेत रेडिओ-टीव्हीच्या दुनियेतून. तिथे कार्यक्रम आधी मुद्रित केलेला असतो, नाहीतर थेट चाललेला. गेममधला फरक तो नाही.

आधी 'कटसीन'चंच उरकून घेऊ. खेळता खेळता तुमच्या हातातला ताबा सुटतो, पात्रं आपसात बोलतात, कथा पुढे सरकते आणि मग खेळ परत तुमच्या हाती येतो. तो मधला तुकडा म्हणजे कटसीन. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय सहसा गेम बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टला आणि त्याच्या १९८७च्या 'मॅनियॅक मॅन्शन' या गेमला देतात. याचं 'कटदृश्य' करू नये, कारण मराठीत कट रचला जातो, आणि वाचक कारस्थानाची वाट बघत बसेल. 'कापलेलं दृश्य' तर उलटंच, ते सिनेमातून काढून टाकलेलं. संस्कृत नाटकात दोन अंकांच्या मधे येऊन घडलेलं-घडणारं सांगणाऱ्या तुकड्याला 'विष्कंभक' म्हणतात. अर्थ चपखल, पण जळगावच्या गेम-कॅफेत 'विष्कंभक स्किप कर' कोण म्हणेल? कटसीन राहू द्या.

आता 'पूर्वचित्रित'. चित्रण म्हटलं की कॅमेरा आला, नट आले. १९९६च्या 'रेड अलर्ट' या गेममध्ये खरोखरच नट कॅमेऱ्यापुढे उभे आहेत. तिथे 'पूर्वचित्रित' म्हणा, बेलाशक. पण १९९७च्या 'फायनल फँटसी ७'मधल्या फिल्मांत कॅमेऱ्यापुढे कोणी उभं राहिलं नव्हतं. संगणकांनी एकेक चित्र हिशेब करून काढलं, त्या चित्रांची फिल्म झाली आणि ती सीडीत भरली. प्लेस्टेशनला हा गेम तीन सीडींवर आला. एका चित्राला तास लागला तरी बिघडत नाही, कारण तुम्ही खेळायला बसाल तेव्हा ते काम कधीच संपलेलं असतं. म्हणून फिल्ममधला नायक क्लाउड रेखीव दिसतो आणि फिल्म संपली की तोच क्लाउड ठोकळ्यांचा होऊन चालू लागतो.

दुसऱ्या प्रकारात चित्र आधी काढलेलंच नसतं. १९९८चा 'मेटल गिअर सॉलिड' बघा. त्यातले बहुतेक प्रसंग गेम जसा चालतो तसेच, त्याच पात्रांनिशी, तुमच्याच यंत्रावर त्या क्षणी काढले जातात. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर एका चित्राला मिळतात ३३ मिलिसेकंद, ६० हवी तर १६च्या आसपास. तेवढ्यात जमेल तेवढंच काढायचं.

मग याला 'थेट' का नको? कारण संवाद आधीच मुद्रित झालेले असतात, पात्रांच्या हालचालीही ठरलेल्या. ताजं असतं ते फक्त चित्र. आमच्याकडे खापरावरची पुरणपोळी करतात तसं आहे हे. पुरण आधीच शिजवून-वाटून तयार असतं, पोळी मात्र पंगत बसल्यावर हातावर मोठी करत खापरावर पडते. उलट बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उन्हाळ्यात खाटेवर वाळवून डब्यात भरलेले. पाहुणे आले की काढा आणि तळा. प्री-रेंडर्ड सीन म्हणजे बिबडा. यंत्राने तो फक्त तळायचा, म्हणजे फिल्म उलगडून दाखवायची.

हा फरक आम्हाला शब्द माहीत नसतानाही कळत होता. २००५-०६च्या सुमाराला जळगावात एका गेम-कॅफेत 'सॅन अँड्रियास' चालायचा. एका पोराने त्यातल्या नायकाला, सीजेला, बर्गर खाऊ घालून ढोल्या केलं, वर विचित्र केशभूषा आणि भडक कपडे चढवले. पुढचा गंभीर प्रसंग सुरू झाला आणि त्यातही सीजे तसाच, ढोल्या आणि भडक. सगळा कॅफे हसला. त्याआधी दुसऱ्या कुठल्याशा गेमच्या चकचकीत प्रसंगाला माझ्या शेजारचा तुच्छतेने म्हणाला होता, "हाऊ नुसता व्हिडिओ शे भो." सीजेला बघून तोच ओरडला, "हाऊ गेममाच चालू शे!"

त्याच काळात मी एका दुकानातून 'रिप' म्हणून मिळणारी सीडी आणली होती. जागा वाचवण्यासाठी सगळ्या फिल्मा काढून टाकलेल्या. अर्धा गेम मी कोण कोणाचा वैरी हे न कळता खेळलो. पैसे परत मिळाले नाहीत, आणि मागायला तोंडही नव्हतं. फिल्म वेगळी फाइल असते म्हणून ती उचलून फेकता येते. गेममध्येच घडणारा प्रसंग असा सहज उपटता येत नाही.

मग कॅफेतलीच जोडी घ्यावी का, 'व्हिडिओ' आणि 'गेममधला'? मला मोह होतो, पण 'रेसिडेंट ईव्हिल ४' आडवा येतो. २००५ साली गेमक्यूब या यंत्रावर त्याचे प्रसंग त्या क्षणी साकारायचे. त्याच वर्षी तो प्लेस्टेशन २वर आला तेव्हा तेच प्रसंग फिल्म करून घातले. दिसायला अगदी गेममधले, पण आहेत व्हिडिओ. पुरावा हवा तर त्यातल्या नायकाला, लिऑनला, वेगळा पोशाख घाला. खेळताना तो अंगावर असतो, प्रसंग सुरू झाला की नेहमीचे कपडे परत. म्हणजे 'गेममधला' म्हटल्याने चित्र कोणत्या पद्धतीचं हे कळतं, कधी काढलं हे कळत नाही. आणि मित्रा, तुझ्या प्रश्नातला सगळा झगडा 'कधी'चा आहे.

'कधी' सांगायला मराठीत उपसर्ग शोधायची गरजच नाही, कृदन्तं आहेत. 'रेंडर'ला, म्हणजे संगणकाने चित्र काढण्याला, मी 'साकारणे' घेतो, कारण मूर्ती साकारते, चित्र साकारतं, कॅमेरा लागत नाही. मग एक 'साकारलेला' सीन आणि एक 'साकारणारा', किंवा जास्त स्पष्ट हवं तर 'खेळताना साकारणारा'. काळ प्रत्ययातच आला. 'वास्तविक वेळेतील दृश्य' हे हिंदीच्या वळणाचं भाषांतर वाचलं की मला दुसरी वेळ खोटी होती की काय अशी शंका येते. 'तत्काल'ही नको. भुसावळच्या माणसाला त्यात रेल्वेचं तिकीट दिसतं, आणि ते तर आदल्या दिवशी काढायचं असतं.

बोलताना मात्र 'साकारलेला' जड जाईल. तिथे 'आयता' हा सुंदर शब्द आहे: आयतं पीठ, आयता सदरा, आयता सीन. थोडा टोमणा आहे त्यात, बिळावरच्या नागोबामुळे, पण चालेल. अडचण वेगळीच आहे, आणि ती मला फार आवडते. 'आयता' म्हणजे आधी तयार असलेला, पण 'आयत्या वेळी' म्हणजे अगदी त्या क्षणी, काही तयारी नसताना. सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असतात ना, तेच. म्हणजे 'आयता सीन' हा प्री-रेंडर्ड, आणि 'आयत्या वेळचा सीन' रिअल-टाइम! एकाच शब्दाने दोन्ही टोकं धरली आहेत. काही ठिकाणी त्याच विषयांना 'वेळेवर येणारे विषय' म्हणतात, आणि पुण्याकडच्या माणसाला वाटतं की विषय वक्तशीर आहेत.

ही जोडी लिहिताना मजेची, पण भरभर बोलताना 'वेळचा' गिळला गेला की अर्थ उलटा. तू बोलणारा आहेस, तेव्हा 'आयता' आणि 'तिथल्या तिथे' अशी जोडी घे. अहिराणीत तर तुझं 'तठे', म्हणजे 'तिथे', आहेच.

एक बारीक गोष्ट राहिली. 'आयती कटसीन' म्हणू नकोस. 'सीन' मराठीत पुल्लिंगी रुळला आहे, तो सीन, भारी सीन झाला. तेव्हा आयता कटसीन. 'दृश्य' घेतलंस तर आयतं.