गोव्यात राहणाऱ्या आमच्या बेने इस्रायली आजींच्या आठवणी कशा जपाव्यात?

आजींचं बोलणं आजच मोबाइलवर रेकॉर्ड करायला घ्या, आणि मराठीतच. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू; या समाजाची घरची भाषा मराठी. इंग्रजीत सांगायला लावलं की अर्धी गोष्ट आटते. ‘तुमचा इतिहास सांगा’ असं विचारू नका. मलिद्याबद्दल, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या विधीबद्दल विचारा: पोहे कोण भिजवायचं, ओला नारळ किती, एलियाहू हन्नाबींचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, कोणतं गाणं म्हणायचे. मग गाव. पेणकर, दिवेकर अशी आडनावं थेट रायगडातल्या गावापर्यंत नेतात. अलिबागजवळच्या नवगावला पूर्वजांचं गलबत फुटल्याची कथा त्यांच्या तोंडून ऐका. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ त्यांच्या घरात कोण होते, तेही.

गोव्यात हे काम मला फार निकडीचं वाटतं. १५६३ मध्ये इथेच औषधींवरचा ग्रंथ छापणारे वैद्य गार्सिया द ओर्ता ज्यू वंशाचे. १५६९ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, त्यांच्या बहिणीला जाळलं, १५८० मध्ये त्यांच्या अस्थीही उकरून जाळल्या. त्या घराच्या धर्माबद्दल आपल्याला कळतं ते बरंचसं चौकशीच्या कागदांतून, म्हणजे छळणाऱ्यांच्या लेखणीतून. आजी मात्र स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात!

जुन्या फोटोंमागे नावं पेन्सिलीने लिहा, शाईने नको. कीर्तनाच्या, गाण्यांच्या वह्या असतील तर प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा. प्रती दोन-तीन नातेवाइकांकडे ठेवा. बाहेर कुठे काही द्यायचं झालं तर आधी आजींना विचारा.