पडलेल्या शहराचा इंजिनिअर

प्रश्न : क्रिमियन युद्धाबद्दलच्या तुमच्या मागच्या उत्तरात 'सेव्हास्तोपोल लढवणारा टोटलेबेन' असा ओझरता उल्लेख होता. पण सेव्हास्तोपोल शेवटी पडलंच ना? मग हरलेल्या इंजिनिअरचं एवढं कौतुक कशासाठी?

उत्तर : सेव्हास्तोपोल हे क्रिमियातलं रशियाचं आरमारी बंदर, आणि टोटलेबेन त्याची तटबंदी उभारणारा रशियन लष्करी इंजिनिअर. शहर पडलं, पण ३४९ दिवसांच्या वेढ्यानंतर. आणि सुरुवातीला त्याची अवस्था अशी होती की ते आठवडाभर तग धरेल असंही कुणाला वाटलं नसतं.

सप्टेंबर १८५४ मध्ये इंग्रज, फ्रेंच आणि तुर्की फौजा क्रिमियात उतरल्या, तेव्हा शहराची समुद्राकडची बाजू दगडी किल्ल्यांमुळे भक्कम होती. जमिनीकडून मात्र कुठे अर्धवट तट, कुठे तोही नाही. दक्षिणेकडच्या सगळ्या फळीत मिळून तोफा १४५. एदुआर्द टोटलेबेन त्याच्या जेमतेम महिनाभर आधी तिथे आला होता. वय ३६, हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा. डॅन्यूबवरच्या फौजेतून त्याला मुद्दाम पाठवलं होतं, पण क्रिमियाचा सेनापती प्रिन्स मेन्शिकोव्ह याला त्याची काही गरज वाटली नाही. थोडी विश्रांती घ्या आणि आल्या वाटेने परत जा, असं त्याने सांगितल्याचं म्हणतात. टोटलेबेन गेला नाही.

शत्रू दक्षिणेला येऊन थडकला सप्टेंबरच्या अखेरीस. त्याच पावली चढाई केली असती तर शहर हाती लागलं असतं, हे पुढे खुद्द टोटलेबेननेच लिहून ठेवलं आहे. पण इंग्रजांचा सत्तरी ओलांडलेला इंजिनिअर जॉन बर्गॉइन याचा आग्रह असा, की आधी वेढ्याच्या जड तोफा वर आणा, मग पुढचं बघू. त्यात तीन आठवडे गेले. तेवढ्यात इकडे सैनिक, खलाशी, गावकरी, बायका-पोरं, तुरुंगातले कैदी असे सगळेच मातीकामाला जुंपले गेले. बायकांनी रचलेल्या एका मोर्चाला (म्हणजे तोफा बसवायच्या मातीच्या ठाण्याला) तर 'पोरींचा मोर्चा' हेच नाव पडलं. जहाजांवरच्या तोफा उतरवून बुरुजांवर चढवल्या. १७ ऑक्टोबरला पहिला भडिमार सुरू झाला तेव्हा तोफा ३४१ झाल्या होत्या.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. माझी सगळी नोकरी मातीच्या धरणांवर गेली, त्यामुळे या माणसाबद्दल मी थोडा पक्षपातीच आहे. मालाखोव टेकडीवर एक दगडी बुरूज होता, दिसायला भरभक्कम. पहिल्याच दिवसाच्या माऱ्यात त्याचा वरचा भाग ढासळला. त्याच्या पायथ्याशी घाईघाईने टाकलेला मातीचा भराव मात्र राहिला. तोफेचा गोळा दगडावर आदळला की कपच्या उडतात आणि त्या आपल्याच माणसांना लागतात. मातीत तो घुसतो, ढिगारा थोडा खचतो, बस्स. आणि खचलेली माती रात्री पुन्हा भरता येते, दगडी बांधकाम एका रात्रीत होत नाही. टोटलेबेनने हेच केलं. दिवसा जे ढासळेल ते रात्री भरायचं, फुटलेली तोफ ओढून बाजूला करायची, दुसरी आणून बसवायची. संध्याकाळी ज्या मोर्चाचा चिखल झालेला पाहिला तो सकाळी पुन्हा आग ओकतो आहे, हे पाहून समोरचे चक्रावून जायचे. त्यात तिथली जमीन खडकाळ, माती पोत्यांतून वाहून आणावी लागायची. ज्याने कधी भरावाच्या कामावर उभं राहून खेपा मोजल्या आहेत त्याला याचा अर्थ कळेल.

आणखी एक बारीकशी गोष्ट. तोफेसाठी तटात जी खाच ठेवतात तिच्यातून शत्रूचे बंदूकवाले गोलंदाजांना टिपायचे. त्यावर जहाजांचे जाड दोरखंड विणून त्यांचे पडदे खाचेत टांगले, तोफेच्या नळीपुरतं भोक ठेवून. गोळी दोरखंडात अडकून राहायची.

हे झालं जमिनीवरचं. चौथ्या बुरुजासमोर फ्रेंच येऊन थांबले तेव्हा टोटलेबेनने ओळखलं की आता हे खालून येणार. त्याने आधीच विहिरी आणि भुयारं खणून ठेवली, आणि त्यांत सॅपर, म्हणजे खंदक-सुरुंगांचं काम करणारे सैनिक कान लावून बसले. फ्रेंचांच्या टिकावाचा आवाज जवळ आला की सुरुंग उडवून त्यांचं भुयार गाडायचं. या कामावरचा अधिकारी मेल्निकोव्ह इतका वेळ जमिनीखाली असायचा की त्याला 'मुख्य चिचुंद्री' म्हणत. (रशियन शब्द 'क्रोत'. तो प्राणी आपली चिचुंद्री नव्हे, पण मराठीत त्याच्या सर्वांत जवळ तीच.) रशियनांनी जवळजवळ सात किलोमीटर भुयारं खणली. चौथ्या बुरुजाखालून शिरायचा फ्रेंचांचा बेत शेवटपर्यंत साधला नाही.

जून १८५५ मध्ये टोटलेबेनच्या पायाला गोळी लागली आणि तो अंथरुणाला खिळला. ८ सप्टेंबरला फ्रेंचांनी मालाखोव घेतलं. त्या रात्री रशियन फौज तरंगत्या पुलावरून खाडीपलीकडे निघून गेली. तोवर आपला लेफ्टनंट कर्नल मेजर जनरल झाला होता. एका वर्षात.

प्रश्न : टोटलेबेन हे नाव जर्मन वाटतं. तो खरा रशियन होता का?

उत्तर : बाल्टिक जर्मन. जन्म १८१८ चा, मिताऊचा. आज ते गाव लाटव्हियात येल्गावा म्हणून आहे. बाप व्यापारी. शिक्षण रीगाला आणि मग पीटर्सबर्गच्या लष्करी इंजिनिअरिंग विद्यालयात, तेही प्रकृतीने साथ न दिल्याने अर्धवट सुटलं. सुरुंगाचं काम तो कार्ल शिल्डर या जनरलच्या हाताखाली शिकला. हा शिल्डर वल्ली माणूस, त्याने १८३४ मध्येच लोखंडी पाणबुडी बनवून पाहिली होती. त्याच्यावर सवडीने लिहायला हवं.

प्रश्न : १८७७ च्या तुर्की युद्धातला प्लेव्हनाचा टोटलेबेन तो हाच का?

उत्तर : हाच. प्लेव्हना हे आजच्या बल्गेरियातलं गाव, तेव्हा तुर्कांच्या ताब्यातलं. आणि तिथे गंमत अशी की पारडं उलटं झालं होतं. मातीचे मोर्चे या वेळी तुर्कांचे होते, उस्मान पाशाचे, आणि त्यांच्यावर डोकं आपटत होते रशियन. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तीन हल्ले, तिन्ही फसले, हजारो माणसं गेली. तेव्हा कुठे टोटलेबेनची आठवण झाली. तोवर तो काळ्या समुद्राच्या किनाऱ्याचा बंदोबस्त पाहत होता. तो आला, त्याने मोर्चे पाहिले आणि चौथा हल्ला करायचा नाही असं ठरवून टाकलं. सेव्हास्तोपोलला इंग्रज-फ्रेंचांना शहर कधीच पुरतं वेढता आलं नव्हतं, उत्तरेकडून रसद येतच राहिली होती. ती वाट उघडी राहण्याची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? गुर्को या रशियन जनरलने ऑक्टोबरमध्ये प्लेव्हनाला रसद पोचवणाऱ्या सोफियाच्या रस्त्यावरची ठाणी घेतली आणि फास आवळला. १० डिसेंबरला, बाहेर पडण्याचा शेवटचा प्रयत्न फसल्यावर, उस्मान पाशा शरण आला. पण वर्तमानपत्रांना घोडदौडी आवडतात. चहूबाजूंनी खंदक खणून दोन-अडीच महिने वाट पाहणाऱ्याचं चित्र कोण काढणार!

प्रश्न : दोस्तोयेव्हस्कीला टोटलेबेनने मदत केली होती असं ऐकलं. खरं का?

उत्तर : खरं. कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की पीटर्सबर्गच्या त्याच इंजिनिअरिंग विद्यालयाचा, आणि टोटलेबेनचा धाकटा भाऊ अडोल्फ त्याचा तिथला मित्र. काही काळ दोघं एकाच घरात राहिले. पुढे दोस्तोयेव्हस्कीला शिक्षा झाली. ओम्स्कला चार वर्षं सक्तमजुरी, मग सेमिपलातिन्स्कला साधा शिपाई. तिथून मार्च १८५६ मध्ये त्याने सेव्हास्तोपोलच्या या वीराला लांबलचक पत्र लिहिलं : माझ्यासाठी बादशहाकडे शब्द टाका. टोटलेबेनने तो टाकला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोस्तोयेव्हस्की अधिकारी झाला. सर्वांत खालच्या हुद्द्याचा, पण शिपाईगिरी सुटली.

एवढं सांगून थांबलो तर चित्र जरा जास्तच गोड होईल. १८७९ मध्ये टोटलेबेन ओदेसाचा गव्हर्नर जनरल झाला. तिथे त्याच्या सहीने कितीतरी लोक खटल्याशिवाय हद्दपार झाले. लष्करी न्यायालयं बसली, फाशी झाल्या. त्या ऑगस्टमध्ये ओदेसात फासावर गेलेला दिमित्री लिझोगुब हा श्रीमंत जमीनदार. त्याने आपली सगळी इस्टेट क्रांतिकारकांना द्यायची ठरवली होती. त्याच्यासाठी बादशहाकडे शब्द टाकणारा कुणी टोटलेबेन नव्हता.