पूर्वीच्या काळी इंग्रज मुलं स्पेलिंग कसं शिकायची?

तुम्ही विचारलंय की ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांनाही लहानपणी स्पेलिंगं घोकावी लागायची का. हो, लागायची. आणि आपल्यासारखीच, सुरात.

आमच्या मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी सुरू झालं तेव्हा अख्खा वर्ग 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असं ओरडायचा. इंग्लंडातही कित्येक पिढ्या असंच चाललं: आधी अक्षरांची नावं, मग शब्द. पण सी, ए, टी कितीही भराभर म्हणा, त्यातून 'कॅट' काही निघत नाही.

म्हणून तिथे मधे एक पायरी होती, आणि ती मला फार आवडते. सोळाव्या-सतराव्या शतकात मुलांच्या हातात हॉर्नबुक असायचं. नाव पुस्तकाचं, वस्तू मात्र मूठ असलेली लाकडी फळी. तिच्यावर एकच छापील कागद, आणि तो मळू नये म्हणून वर जनावराच्या शिंगाचा पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा. वरच्या बाजूला मुळाक्षरं, तळाशी प्रभूची प्रार्थना आणि मधे बी, सी, डी या अक्षरांना पाचही स्वर जोडून केलेल्या जोड्या. म्हणजे बाराखडीच की!

फरक एवढाच, की आपला 'बा' एकदा वाचता आला की कुठेही 'बा'च राहतो. त्यांचा बी-ए मात्र बॅडमध्ये वेगळा, बॉलमध्ये वेगळा, बेकरमध्ये आणखी वेगळा. त्यामुळे जोड्या पाठ झाल्या तरी पुढे शब्दांचे तक्ते घोकणं सुटायचं नाही. अमेरिकेत नोआ वेब्स्टरचं 1783 चं स्पेलिंगचं पुस्तक अशा तक्त्यांनीच भरलेलं होतं. मुलांना दोष देण्यात काहीच अर्थ नव्हता, लिपीच तशी.

आणि हे तर आपल्याकडे सांगायलाच हवं. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख अँड्र्यू बेल यानं तिथल्या देशी शाळेत मुलांना वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिलं. आपली धूळपाटीच ती. त्यानं ती आपल्या शाळेत सुरू केली आणि 1797 मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली. जोसेफ लँकेस्टरनं ती वाळू आपल्या लंडनच्या शाळेत नेली. तिथे गरीब घरची शेकडो मुलं एकत्र शिकायची आणि प्रत्येकाला पुस्तक देणं परवडत नव्हतं. मग स्पेलिंगचा एकच मोठा तक्ता भिंतीवर टांगायचा, त्याच्याभोवती मुलांचा अर्धगोल उभा राहायचा, आणि सगळ्यात लहान मुलं वाळू पसरलेल्या बाकापाशी बसून बोटानं ए, बी, सी काढायची.